स्नेहसंमेलन आणि वर्षाचा अहवाल : आमच्या दोनशिक्षकी शाळेने काय करावे?

ओढ्याकाठचा (प्रश्न)

आमची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा पाथर्डी तालुक्यातील एका लहान गावात आहे. इयत्ता पहिली ते पाचवी, पट ४३ आणि शिक्षक २. या वर्षी मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य म्हणून आलो आहे. मागील बैठकीत वर्षअखेरीच्या कार्यक्रमाचा विषय निघाला आणि दीड तास बोलूनही काहीच ठरले नाही, म्हणून येथे विचारतो.

काही सदस्यांचे म्हणणे असे की, नेहमीप्रमाणे फेब्रुवारीत मंडप घालून मोठे स्नेहसंमेलन करावे आणि त्याच व्यासपीठावर वर्षभराच्या यशाचा आढावा घेऊन शिष्यवृत्ती व नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षांना बसलेल्या मुलांचा सत्कार करावा. गावाला शाळेचा अभिमान वाटायचा असेल तर गावासमोर काहीतरी दिसले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे चुकीचे वाटत नाही. परंतु मागच्या वर्षीचा अनुभव माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कार्यक्रम सायंकाळी सहाचा होता, पाहुणे साडेआठला आले आणि शाल, नारळ व भाषणे पावणेदहापर्यंत चालली. तोवर पहिलीतील मुली नऊवारी नेसून, गालावरची लाली पुसली जाऊ नये म्हणून आईच्या खांद्यावर डोके न टेकता, बसल्या बसल्या पेंगत होत्या. मुख्याध्यापकांनी दोन रात्री जागून लिहिलेला अहवाल वेळेअभावी वाचलाच गेला नाही. गाण्यांवर लोकांनी ५१ आणि १०१ रुपयांची बक्षिसे पुकारली, त्यातून ११,००० रुपयांच्या आसपास रक्कम जमली. तिचे पुढे काय झाले हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

अहवालात नेमके काय असावे, आणि जी मुले कोणत्याही स्पर्धा परीक्षेला बसली नाहीत त्यांच्या वर्षाची नोंद गावासमोर कशी घ्यावी, हे मला जाणून घ्यायचे आहे. कार्यक्रमाला मुले कमी पडतील अशी चिंता नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची १२ मुले वगळली तरी ३१ मुले हजर असतात.

खडूफळा

मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो आणि अशा अनेक अहवालांवर सह्या केल्या आहेत, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो. बहुतेक शाळांच्या अहवालात जयंत्या, पुण्यतिथ्या, वृक्षारोपण, प्रभातफेरी आणि मान्यवरांच्या भेटी तारीखवार दिलेल्या असतात, आणि तो संपूर्ण वाचूनही मुले वाचायला शिकली की नाही हे समजत नाही.

प्रथम सत्काराचे पाहू. शिष्यवृत्ती परीक्षा साधारणपणे फेब्रुवारीत होते आणि तिचा निकाल काही महिन्यांनी लागतो. म्हणजे आपण फेब्रुवारीत ज्यांचा सत्कार करतो, ती मुले परीक्षेला बसलेली असतात, इतकेच. बसल्याबद्दल कौतुक जरूर करावे, पण अहवालात "बसले", "पात्र ठरले" आणि "शिष्यवृत्तीधारक झाले" या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. १५० गुणांच्या दोन्ही पेपरांत किमान ४० टक्के गुण मिळाले की विद्यार्थी पात्र ठरतो. शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीप्रमाणे ठरावीक संख्येतील मुलांनाच मिळते. नवोदयचेही तसेच आहे. एका विद्यालयात सहावीच्या जागा जास्तीत जास्त ८०, आणि त्यांसाठी जिल्ह्यातील हजारो मुले परीक्षा देतात. तुमच्या पाचवीतील दोन मुलांची तेथे निवड झाली नाही म्हणून शाळेचे वर्ष वाया गेले असे कोणी म्हणणार नाही, परंतु अहवालात केवळ त्याच रकान्याला महत्त्व दिले तर ऐकणाऱ्यांचा समज तसाच होतो.

अहवालाचा गाभा वर्गवार असावा. उदाहरणार्थ, "तिसरीत ९ मुले आहेत. जूनमध्ये त्यांपैकी ४ जण परिच्छेद वाचत होते. आज ८ जण वाचतात. एक मूल अद्याप जोडाक्षरांशी अडखळते आणि त्याच्यासाठी उन्हाळ्यात काय करायचे हे त्याच्या पालकांशी बोलून ठरवले आहे." बेरीज, वजाबाकी आणि भागाकारासाठीही असेच लिहावे. यासाठी वेगळी चाचणी घेण्याची गरज नाही, कारण वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत आणि सत्राअखेरच्या संकलित चाचण्यांच्या गुणनोंदी शिक्षकांकडे असतातच. त्यांना जोड म्हणून आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी वापरता येतील, मात्र "नियमित गृहपाठ करतो" आणि "मोठ्यांचा आदर करतो" ही दोन वाक्ये ४३ मुलांपुढे ४३ वेळा उतरवलेली असतील, तर त्या नोंदींचा काही उपयोग नाही. मी स्वतः तरुणपणी अशा नोंदी उतरवलेल्या आहेत, म्हणून हे अधिकाराने सांगू शकतो.

आणखी एक गोष्ट. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारी तुमच्या समितीची आहे. मागच्या आराखड्यात जे लिहिले होते त्यातील काय झाले आणि काय राहिले, एवढे प्रामाणिकपणे मांडले तरी अहवालाचे अर्धे काम होते.

कोयत्याची लेक

मूळ प्रश्नातील शेवटचे वाक्य मी तीनदा वाचले. पट ४३ असलेल्या शाळेत १२ मुले वगळून "चिंता नाही" असे म्हणता येते, याचे मला वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. मी त्याच बारांपैकी एक होते.

दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी निघते. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे आईबापांना थांबता येत नाही आणि मागे सांभाळायला कोणी नसेल तर मूलही त्यांच्याबरोबर कारखान्याच्या तळावर, कोपीत म्हणजे झोपडीत राहायला जाते. पट्टा पडला की, म्हणजे गाळप संपले की, मार्च-एप्रिलमध्ये आम्ही गावी परतत असू. तोवर स्नेहसंमेलन होऊन गेलेले असे. चौथीत असताना मी परत आले, तेव्हा वर्गातील मुली एका नाचाच्या पायऱ्या अजूनही करून दाखवत होत्या आणि भिंतीवर त्यांचा फोटो लागला होता. त्या फोटोकडे पाहून बाईंनी मला "पुढच्या वर्षी तू पण घे हं भाग" असे मायेने म्हटले. पुढच्या वर्षीही कार्यक्रम फेब्रुवारीतच झाला.

तेव्हा माझी समितीला विनंती आहे की कार्यक्रमाची तारीख आधी बदला, मग मंडपाचे बघा. आणि अहवालात या १२ मुलांसाठी स्वतंत्र परिच्छेद लिहा. जाताना किती जणांना शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून देतात ते) दिले, तळाजवळच्या शाळेत त्यांपैकी किती जण खरोखर बसले, परत आल्यावर ती कोठून मागे पडली आहेत, हे त्यात यावे. आमच्या भागात हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मूल गावातच आजी-आजोबांजवळ किंवा नातलगांकडे राहते, त्याच्या जेवणाचा खर्च समग्र शिक्षा योजनेतून होतो आणि ते चालवण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडेच असते. तुमच्या समितीने त्याचा प्रस्ताव दिला होता का? दिला असेल आणि पुढच्या हंगामात १२ पैकी ५ मुले जरी गावात राहिली, तर मी त्याला शिष्यवृत्तीइतकेच मोठे यश म्हणेन. माझी धाकटी बहीण आजीपाशी राहिली म्हणून दहावीपर्यंत एकाच शाळेत शिकली. आम्हा दोघींच्या शिक्षणात पडलेला फरक त्या एका निर्णयाचा आहे.

दोनशिक्षकी

ताईंचे म्हणणे मनाला लागले आणि ते मान्यही आहे. तरीही एप्रिलमध्ये कार्यक्रम घ्या असे सांगताना शाळेत त्या महिन्यात काय चाललेले असते, हे समितीने लक्षात घ्यावे. अलीकडे वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबलेल्या असतात. त्यानंतर १ मेच्या निकालापर्यंत उत्तरपत्रिका तपासणे, निकालपत्रके, प्रगतिपुस्तके, पाचवीच्या मुलांचे दाखले आणि ऑनलाइन माहिती भरणे ही सर्व कामे दोघांनी मिळून करायची असतात. पाचवीत कोणी अनुत्तीर्ण झाले तर त्याच्या पुनर्परीक्षेची तयारीही आलीच. अशा वेळी नाच बसवायला आणि मंडपवाल्याशी बोलायला आम्हाला सांगू नका. कार्यक्रम एप्रिलमध्ये घ्यायचा असेल तर तो पालकांनी उभा करावा. आमच्या शाळेत दोन वर्षांपासून नाच आणि नाटुकली गावातील महाविद्यालयीन मुलेमुली बसवतात, आणि खरे सांगायचे तर आमच्यापेक्षा बरे बसवतात.

एप्रिलमध्ये तसेही शाळापूर्व तयारी मेळावा घ्यावाच लागतो. जूनमध्ये पहिलीत येणारी मुले त्या दिवशी आईबरोबर शाळेत येतात. नोंदणीपासून सुरुवात करून शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा आणि गणनपूर्व तयारीच्या टेबलांवरून पुढे सरकतात, आणि शेवटी आईला साहित्य देऊन ते कसे वापरायचे हे सांगितले जाते. प्रत्येक मुलाचे विकासपत्र भरले जाते आणि जूनमधील दुसऱ्या मेळाव्यात तेच पत्र पुन्हा भरतात. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की सुट्टीत आईने घरी काय करून घेतले हे कोणालाही दिसते. आपल्या शाळांत आईच्या कामाची इतकी सरळ नोंद दुसरीकडे कोठे होत नाही, आणि तरीही मी ती कोणत्याही वार्षिक अहवालात पाहिलेली नाही.

खडूफळा गुरुजींच्या मुद्द्याला मात्र एक पुरवणी जोडतो. वाचनाचे आकडे हवेतच, पण स्नेहसंमेलनाला दुय्यम समजू नये. माझ्या वर्गात एक मुलगा बोलताना अडखळत असे, त्यामुळे प्रकट वाचनाच्या वेळी तो बाकाखाली काहीतरी शोधू लागे. त्याला भारुडात घेतले. ताल धरला की त्याचा शब्द अडत नाही, हे वर्षभर त्याला शिकवूनही मला कळले नव्हते. ते तालमीत कळले. त्यानंतर मी त्याला पाठही तालावर वाचायला लावला. ही नोंद कोणत्या रकान्यात लिहायची हे मला अजून सुचलेले नाही. नाचाचे भाड्याचे कपडे मात्र बंद करा. एका पोशाखाचे भाडे म्हणजे कित्येक आयांची एका दिवसाची मजुरी असते.

पारावरून

दोनच गोष्टी सांगतो. समग्र शिक्षेच्या निकषांनुसार ३१ ते १०० पट असलेल्या शाळेसाठी वर्षाला २५,००० रुपयांचे संयुक्त शाळा अनुदान ठरलेले आहे. ते या वर्षी पूर्ण आले की अर्धवट आले, कशावर खर्च झाले आणि बक्षिसांचे ते ११,००० रुपये कोठे आहेत, हे शाळेच्या दाराशी फलकावर लिहा. पैसे कोणी खाल्ले असे मी म्हणत नाही. बहुधा मंडपवाल्याचे देणे त्यातूनच भागवले असेल. परंतु ज्याने १०१ रुपये पुकारले त्याला ते शाळेला दिल्याचे वाटते, मंडपवाल्याला दिल्याचे नव्हे.

दुसरे, पुरस्कारांच्या मागे लागू नका. खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ साली जागतिक स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला, आणि त्याआधी २०२० मध्ये परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. त्याचा आनंद सर्वांनाच आहे. पण तेव्हापासून आमच्या तालुक्यातील समित्यांना भिंती रंगवून कोणत्यातरी अर्जाला फोटो जोडायची घाई झाली आहे. भिंत चार दिवसांत रंगते. जालिंदरनगरला लोक अनेक महिने शाळेत राबले, ते फोटोत दिसत नाही.

ओढ्याकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. कोयत्याची लेक यांची क्षमा मागतो. ते वाक्य मी सहज लिहिले होते, आणि सहज लिहिले गेले यातच चूक होती. वसतिगृहाच्या प्रस्तावाबद्दल मुख्याध्यापकांना विचारले. गेल्या वर्षी कागद तयार झाला होता, परंतु सोबत जोडायची पालकांची संमतिपत्रे वेळेत गोळा झाली नाहीत आणि तो शाळेतच राहिला. टोळ्या निघण्याआधी संमतिपत्रे मिळवायची असतील तर ते काम श्रावणातच सुरू करावे लागेल. ते मी माझ्याकडे घेतले आहे.

काल पुन्हा बैठक झाली. फेब्रुवारीचे स्नेहसंमेलन रद्द करण्यास दोन सदस्य शेवटपर्यंत तयार नव्हते. त्यांचे म्हणणे असे की मंडपाचा शब्द एका पाहुण्यांनी आधीच दिला आहे आणि एप्रिलच्या उन्हात कोणी येणार नाही. अखेर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त मुलांनी केलेली उपकरणे वर्गातच मांडायची आणि मंडप घालायचा नाही, यावर तडजोड झाली. स्नेहसंमेलन वार्षिक परीक्षा संपल्यानंतर, सायंकाळी सात ते नऊ या वेळेत होईल. त्यात भाषण एकच असेल आणि तेही शेवटी. नाच बसवण्याची जबाबदारी गावातील तीन महाविद्यालयीन मुलींनी घेतली असून कपडे घरचेच वापरायचे ठरले आहे. बक्षिसे पुकारायला बंदी घातलेली नाही, कारण तशी घातली तर लोक रागावतील. मात्र प्रत्येक रक्कम तिथल्या तिथे वहीत लिहून दुसऱ्या दिवशी फलकावर लावली जाईल.

अहवाल त्या दिवशी वाचायचा नाही. तो १ मे रोजी, निकालानंतर होणाऱ्या ग्रामसभेत वाचायचा आहे. वर्गवार आकडे आमचे शिक्षक काढून देतील, आराखड्याचा भाग आणि जमाखर्च समिती लिहील, आणि स्थलांतरित मुलांचा परिच्छेद मी लिहिणार आहे. पाचवीतील दोन मुलींनी तो मोठ्याने वाचावा अशी सूचना आली. त्यांपैकी एक मुलगी सध्या आईवडिलांबरोबर तळावर आहे. तिच्या वडिलांना फोन केला, तेव्हा पट्टा कधी पडेल ते मुकादम अजून सांगत नाही असे ते म्हणाले. तारीख कळेपर्यंत आम्ही कार्यक्रमाचा दिवस मोकळा ठेवला आहे.