शेत आणि गोठा, दोन्हीकडे दिवसभर घालायचे बूट: चामड्याचे की गमबूट?

बांधावरून

कामाचं स्वरूप असं आहे. सकाळी दोन तास गोठा, म्हणजे सिमेंटचा कोबा, शेण, मूत्र, पाणी. मग दिवसभर शेत, कुंपणाची कामं, ट्रॅक्टर, अधूनमधून शिडी. चामड्याचे सेफ्टी बूट आठ-दहा महिन्यांत निकामी होतात. चवड्यापाशी बूट दुमडतो तिथे चीर पडते, नाहीतर तळ उचकटतो. गमबुटात पाय घामाने भिजतो आणि संध्याकाळी टाचा दुखतात. स्टीलचा टो (बोटांवरची कडक टोपी) खरंच लागतो का? माप कसं बघायचं? आणि सगळ्या कामांना चालेल असा एकच जोड मिळतो का?

दुहेरी_शिवण

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो: नाही मिळत. गोठ्याला गमबूट आणि बाकीच्या कामाला चामड्याचे, असे दोन जोड ठेवा. त्यात पैसे जास्त जात नाहीत, कारण दोन्ही जास्त टिकतात.

तुमचं चामडं चालण्याने गेलेलं नाही, गोठ्याने गेलंय. मूत्रातल्या युरियाचा अमोनिया होतो. तो अल्कधर्मी, आणि कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं. रोज अमोनिया आणि ओल मिळाली की चामड्यातलं तेल निघून जातं, ते वाळून कडक होतं, आणि कडक चामडं सगळ्यात जास्त दुमडतं तिथेच चिरतं. शिवणीचा दोरा सुती असेल तर तो त्याआधीच कुजतो. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा दोरा बघून घ्या.

चीर पडण्याचं दुसरं कारण म्हणजे ते चामडं मुळात स्प्लिट लेदर असणं. कातड्याचा वरचा मजबूत थर काढून घेतल्यावर खालचा जो थर उरतो, त्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवतात. नवीन असताना तो फुल ग्रेनपेक्षाही (वरचा थर शाबूत असलेल्या चामड्यापेक्षाही) गुळगुळीत दिसतो, आणि लोक फसतात ते तिथेच. अंगठ्याने दाबून दुमडून बघा. फुल ग्रेनवर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात आणि नीट पाहिलं तर रंध्रं दिसतात. पापुद्रा असेल तर रंध्रं दिसत नाहीत. कामाच्या बुटाला चामडं साधारण २ मिमी जाड असावं.

आता तळ. तीन प्रकार समोर येतात. नुसता चिकटवलेला तळ ओल आणि उष्णतेने उचकटतो, तो शेतात नकोच. पीयूचा (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिक) साच्यात ओतलेला तळ हलका आणि मऊ असतो, सहसा उचकटत नाही, पण झिजला की बूट टाकून द्यायचा, कारण तो बदलता येत नाही. तिसरा वेल्ट शिवणीचा: वरचं चामडं आणि तळ यांच्यामध्ये एक पट्टी शिवलेली असते, त्यामुळे मोची जुना तळ काढून नवा लावू शकतो. वजन जास्त आणि पायाला सरावायला वेळ लागतो, पण वरचं चामडं चांगलं असेल तर हाच परवडतो.

पीयूची आणखी एक खोड आहे. हवेतल्या दमटपणाने ते आतून तुटत जातं (याला हायड्रोलिसिस म्हणतात), आणि काही वर्षांनी तळाचा अक्षरशः भुगा होतो. बूट न वापरता खोक्यात ठेवले तरी हे होतं. म्हणून जुना पडून राहिलेला माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. सेफ्टी बुटावर बनवल्याचा महिना किंवा तिमाही आणि वर्ष छापलेलं असतं, ते आधी वाचा.

विकत घेताना बूट हातात धरून वाकवा. तो चवड्यापाशीच वाकला पाहिजे. मधोमध वाकला तर आत शँक (तळव्याखालची पट्टी) नाही किंवा कमकुवत आहे. फावड्यावर पाय देताना आणि शिडीच्या दांड्यावर उभं राहताना सगळा भार त्याच जागी येतो.

ओली_वाट

गमबुटाबद्दल थोडं. सगळे गमबूट रबराचे नसतात. पीव्हीसीचे स्वस्त आणि धुवायला सोपे, पण थंडीत कडक होतात आणि दुमडीवर तडकतात. नैसर्गिक रबर लवचिक असतं, मात्र डिझेल आणि तेलाने फुगून मऊ पडतं, आणि उन्हात पडून राहिलं तर भेगा जातात. ट्रॅक्टरची देखभाल करायची असेल तर नायट्राइल मिश्रणाचा किंवा तेल सोसणारा तळ घ्या. पीयूचे गमबूट सगळ्यात हलके आणि उबदार, म्हणूनच उष्ण हवेत घाम जास्त.

टाच दुखते त्यात कोब्याइतकाच वाटा सैल मापाचा. गमबूट घोट्याला आवळत नाही, टाच आत वर-खाली होते आणि प्रत्येक पावलाला आपटते. आत वेगळी काढता येणारी ५-६ मिमीची गादी घाला आणि माप त्या गादीसकट बघा. ती रोज काढून वाळवा, चपटी झाली की बदला. घाम पूर्ण थांबणार नाही. गोठ्याचं काम झालं की गमबूट उतरवणं आणि मोजे बदलणं हाच उपाय. मोजे लोकरमिश्रित किंवा कृत्रिम धाग्याचे. सुती मोजा ओल धरून ठेवतो आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात.

फवारणीला चामड्याचे बूट कधीच नाहीत! औषध चामड्यात मुरतं, धुऊन निघत नाही, आणि मग रोज पायाला लागत राहतं. अस्तर नसलेले गमबूट घाला, आणि पँट बुटाच्या बाहेर ठेवा, म्हणजे ओघळ आत जात नाही.

लोखंडी_टोक

टोबद्दल. आयएसओ २०३४५ या सेफ्टी बुटांच्या मानकात टोची टोपी २०० ज्यूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसते. टोपी स्टीलची असो वा कंपोझिटची (धातू नसलेल्या मिश्र साहित्याची), परीक्षा तीच. जनावरं, लाकडाचे ओंडके, ट्रॅक्टरची अवजारं हाताळायची असतील तर ती हवीच. मात्र तिची मर्यादा लक्षात ठेवा: ती फक्त बोटं झाकते. जनावराचा खूर बऱ्याचदा त्यामागे, पायाच्या वरच्या भागावर पडतो. उकिडवं बसून खुरपणीचं काम जास्त असेल तर टोपीची मागची कड बोटांवर रुतते, म्हणून दुकानात उकिडवं बसूनच बघा.

खुणा अशा वाचायच्या: एस१ कोरड्या जागेसाठी. एस२ मध्ये वरचं चामडं काही काळ पाणी अडवतं. एस३ म्हणजे त्यात खिळा न शिरणारा थर आणि खोल खाचांचा तळ आला. एस४ आणि एस५ हे पूर्ण रबर किंवा पॉलिमरचे, म्हणजे गमबूट. खिळ्यापासून संरक्षण एस५ मध्ये. एस३ लिहिलं म्हणजे बूट जलरोधक झाला असं नाही, ती चाचणी वरच्या चामड्याची असते. अख्ख्या बुटाची चाचणी झाली असेल तर डब्ल्यूआर लिहिलेलं असतं.

कुंपणाचं काम आहे म्हणून सांगतो, खिळारोधक थर धातूचा असतो किंवा कापडी. कापडी हलका, वाकणारा आणि तळवा कडेपर्यंत झाकणारा, पण बारीक टोकाला कमजोर. २०२२ च्या आवृत्तीत यासाठी दोन खुणा आल्या: पीएल म्हणजे ४.५ मिमी खिळ्याने तपासलेला, पीएस म्हणजे ३ मिमी. काटे आणि तारेचे तुकडे असलेल्या जागी पीएस किंवा धातूचा थर.

बांधावरून

@लोखंडी_टोक, मापाचं राहिलं. शिवाय पावसात चामड्याचा जोड रोज भिजतो, तो वाळवायचा कसा? चुलीजवळ ठेवला तर सकाळपर्यंत वाळतो.

दुहेरी_शिवण

चुलीजवळ ठेवता, मग तळ का उचकटतो ते कळलं :) उष्णतेने चिकट द्रव्य ढिलं होतं आणि चामडं आकसतं. आधी चिखल धुवा, गादी काढा, आत जुनी वर्तमानपत्रं कोंबा, तासा-दोन तासांनी कागद बदला, आणि सावलीत वारा लागेल असे आडवे ठेवा. पूर्ण वाळायला २४ ते ४८ तास लागतात. रोज भिजत असतील तर चामड्याचे दोन जोड आलटून-पालटून वापरण्यावाचून इलाज नाही.

तेल किंवा कंडिशनर महिन्या-दीड महिन्याने, वाळलेल्या बुटाला, पातळ हात फिरवून. जास्त चोपडलं तर चामडं लिबलिबीत होतं आणि घोट्याचा आधार जातो.

माप संध्याकाळी घ्या, तोवर पाय थोडा सुजलेला असतो. कामाचेच मोजे घाला. लेस न बांधता पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट मावलं पाहिजे. बांधल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे १०-१२ मिमी जागा हवी, कारण उतारावर पाय पुढे सरकतो. बूट जिथे वाकतो ती जागा तुमच्या चवड्याखाली येते का बघा. लांबी बरोबर असूनही ती पुढे-मागे असेल तर तो बूट चावणारच, दुसरा घ्या. नवीन असताना टाच अगदी थोडी उचलली जाणं चालतं. तळ मऊ झाला की ती बसते. पहिला आठवडाभर रोज एक-दोन तासच घाला.

ओली_वाट

लेसचे हुक गवतात आणि तारेत अडकतात, बंद भोकंच बरी. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली असावी, नाहीतर खडे आणि गवताचं बी आत. चिकट मातीत तळाच्या खाचा रुंद हव्यात. जवळजवळ असल्या तर चिखल भरून तळ सपाट होतो आणि घसरतो. शिडी आणि पेडलसाठी टाच वेगळी, काटकोनात उतरलेली असू द्या.