गाडीखाली ऑइलचे थेंब पडतात, दुरुस्ती कुठून सुरू करू?

पाऊलवाट:
गाडी बारा वर्षांची आहे. रोज सकाळी इंजिनाखाली आठ-दहा काळे थेंब दिसतात. मेकॅनिक म्हणतो, "जुनी गाडी, थोडं गळणारच. ऑइल टॉप-अप करत राहा." पण काल पावसात त्या डागातून निघालेला रंगीत तवंग उताराने थेट गटारात गेला. ते पाहिल्यापासून चैन नाही. काय करावं?

खटाटोप:
"थोडं गळणारच" हे अजिबात ऐकून घेऊ नका. साधारण वीस-पंचवीस थेंबांचा 1 मिलिलिटर होतो. रोज दहा थेंब म्हणजे वर्षाला साधारण दीडशे ते एकशे ऐंशी मिलिलिटर. 1 मिलिलिटर ऑइल 1 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीने पसरलं तर 1 चौरस मीटर पाणी झाकतं! शिवाय हे वापरलेलं ऑइल. त्यात इंजिनाच्या झिजेतले धातू असतात आणि पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्स ही रसायनं असतात, त्यांतली काही कर्करोगकारक. पावसाळी गटारांचं पाणी बऱ्याच ठिकाणी प्रक्रिया न होताच ओढ्या-नदीत जातं.
आधी रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा. तपकिरी-काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल, लालसर असेल तर बहुधा गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टिअरिंगचं. नुसतं पाणी दिसलं तर ते एसीचं, काळजी नको.

सावली:
आणि जुना डाग कृपा करून साबणाने धुऊ नका. जमीन स्वच्छ दिसते, पण ऑइलचे बारीक कण होऊन ते गटारातच जातं. लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू टाका, पायाने दाबा, रात्रभर राहू द्या. सकाळी झाडून बंद पिशवीत भरा आणि घातक कचऱ्यात द्या.

पाऊलवाट:
पुठ्ठ्यावरचे सगळे डाग एकाच जागी, ड्रेन प्लगच्या (जुनं ऑइल काढायच्या तळाच्या बोल्टच्या) बरोबर खाली. प्लग पुसला, तासाभरात पुन्हा ओला.

खटाटोप:
मग बहुतेक प्लगखालचा वॉशर, म्हणजे गळती अडवणारी चकती. ऑइल बदलताना तोही नवा घालायचा असतो, पुष्कळदा जुनाच बसवतात. प्लग जोर लावून आवळू नका, ऑइल चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचे) आटे जातील. काढलेलं ऑइल डब्यात धरून पुनर्शुद्धीकरणासाठी गोळा करतात तिथे द्या.

पाऊलवाट:
वॉशर बदलला. जुना हातात घेऊन पाहिला, एका कडेला चपटा होऊन चिरलेला. आज तिसरी सकाळ, पुठ्ठा कोरडा. दोघांचेही मनापासून आभार.