नितळ, उथळ नदीत लुअरनं बास: खाडीतलं सामान चालेल का?

कोलशेतचा_गळकरी

नमस्कार मंडळी. जूनच्या मध्यावर बहिणीकडे जातोय, व्हर्जिनियात लुरे गावाला. शेनँडोआ नदीचा साउथ फोर्क (दक्षिण फाटा) तिच्या घरापासून जवळच आहे. मेहुणे म्हणाले, एक अख्खा दिवस तुझा, पहाटे नदीवर सोडतो आणि अंधार पडताना न्यायला येतो. नदीत स्मॉलमाउथ बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) भरपूर आहेत म्हणे.

माझा सगळा अनुभव गायमुख, नागला बंदर या बाजूच्या खाडीतला, तोही जिताड्याचा. गढूळ पाणी, उधाणाची भरती, आठ फुटी रॉड, ४००० साइजचं रीळ, तीस पौंडी ब्रेड (विणलेला दोरा), पन्नास पौंडी लीडर (लुअरच्या आधीचा पुढचा दोरा) आणि पाच इंची मिनो, म्हणजे माशाच्या आकाराचा लुअर (खोटं आमिष). मेहुण्यांनी पाठवलेल्या फोटोत नदीचा तळ स्वच्छ दिसतोय. पाणी गुडघाभर, फार तर मांडीपर्यंत. असल्या पाण्यात मासा लपतो कुठे आणि लुअर टाकायचा कुठे? आणि माझ्या सामानातलं काय न्यावं?

बेलापूर_जेट्टी

दादा, मोठे मिनो घरीच ठेवा. नितळ पाण्यात भडक रंग नको. तपकिरी, हिरवट, धुरकट असे रंग घ्या. ढग आले तर थोडा पांढरा चालतो. दोन-तीन इंचांच्या वरचं काही नेऊ नका.

ऐरोलीची_मावशी

आम्ही काही वर्षं हॅरिसनबर्गला होतो आणि माझे उन्हाळे त्याच नदीत गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

रंगाबद्दल वर लिहिलंय ते बरोबर आहे, पण मी रंगाला सगळ्यात शेवटी धरीन. त्या पाण्यात पहिला प्रश्न एकच: मासा तुम्हाला बघतोय का? खाडीच्या पाण्यात हात मनगटापर्यंत घातला तरी बोटं दिसत नाहीत. आपण काठावर उभे राहून बोलत-हसत टाकतो आणि जिताड्याला पत्ता नसतो. साउथ फोर्कमध्ये उलट आहे. तुम्हाला तळ दिसतो म्हणजे तळावरच्या माशालाही तुम्ही दिसता. एकदा त्यानं पाहिलं की तो पळेलच असं नाही. जागेवरच राहील, पण काहीही टाका, तोंड उघडणार नाही.

बास प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणं वरून वाहत येतं. म्हणून त्याच्या मागून जायचं, म्हणजे खालच्या अंगानं पाण्यात उतरून वर चढत जायचं आणि लुअर पुढे, तिरका, लांब टाकायचा. पाय उचलून आपटू नका, सरकवत न्या. गोट्यावर गोटा वाजला की आवाज पाण्यातून फार लांब जातो. कपडे मातकट किंवा हिरवट. पोलराइज्ड (पाण्यावरची चमक घालवणारा) गॉगल हवाच, तो नसेल तर मी म्हणेन रॉडही नेऊ नका.

आणखी एक गोष्ट तिथे राहिल्यावर कळते. साउथ फोर्क दक्षिणेकडून उत्तरेला वाहतो. प्रवाहाविरुद्ध चालताना आपलं तोंड साधारण दक्षिणेला, सकाळचं ऊन डाव्या हाताला आणि आपली सावली उजव्या बाजूच्या पाण्यावर. म्हणून सकाळी लुअर डाव्या काठाकडे टाका. त्या काठावरच्या सिकॅमोर झाडांची सावलीही तेव्हा पाण्यावर असते आणि बासला ती आवडते. नदी वळणावळणाची आहे, त्यामुळे प्रत्येक वळणावर हे नव्यानं बघायचं.

आता, मासा कुठे? तळ सपाट दिसला तरी तो सपाट नाही. कातळाच्या आडव्या पट्ट्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या नदीभर गेल्यात. प्रत्येक पट्टीच्या खालच्या अंगाला पाणी एकदम खोल होतं आणि संथ होतं. वेगाचं आणि संथ पाणी जिथे भेटतं तिथे पृष्ठभागावर एक रेघ दिसते. त्या रेघेच्या आतल्या बाजूला बास उभा असतो: अंगाला ओढ लागत नाही आणि तोंडासमोरून खाणं जात राहतं. मोठ्या धोंड्याच्या मागे तर असतोच, पण पुष्कळदा धोंड्याच्या पुढेही असतो, तिथेही पाण्याची उशी तयार होते. खाडीत पुलाच्या खांबाशी ओहोटीला जिताडा जसा उभा राहतो ते तुम्हाला ठाऊक आहे. हिशोब तोच, फक्त इथे पाणी दिवसभर एकाच दिशेला जातं.

पहाटे छोटा पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगून आवाज करणारा लुअर. डोहाच्या शेपटाकडे, जिथे पाणी पुन्हा उथळ व्हायला लागतं तिथे टाका आणि हलवू नका. वर्तुळं विरू द्या, मग एकच हलका झटका, पुन्हा थांबा. खाडीत आपल्याला भराभर ओढायची सवय असते, ती इथे सोडायची. ऊन वर आलं की तळाशी जा: तीन ग्रॅमच्या जिगवर (वजनदार डोक्याचा गळ) अडीच-तीन इंची मऊ प्लास्टिकचा लुअर, तळावरून सरकवत. स्मॉलमाउथचं आवडतं खाणं क्रेफिश, म्हणजे दगडाखाली राहणारा, छोट्या शेवंडासारखा दिसणारा गोड्या पाण्यातला प्राणी. धोका दिसला की तो शेपटीच्या झटक्यानं मागे पळतो. तुमचा लुअर तसा, थोडा सरकून थांबणारा दिसला पाहिजे. दुपारी खळाळाच्या अगदी खालच्या, फेसाळ पाण्यात बघा, किंवा सरळ झाडाखाली बसून डबा खा. संध्याकाळी पुन्हा पॉपर.

सामान: साडेसहा-सात फुटी हलका स्पिनिंग रॉड, २५०० चं रीळ, दहा पौंडी ब्रेड, पुढे सहा किंवा आठ पौंडी फ्लुरोकार्बन लीडर, तोही चांगला सात-आठ फूट लांब. पन्नास पौंडी लीडर जिताड्याला लागतो, कारण त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धार दोरा कापते. बासला ती भानगड नाही. त्याचे दात बारीक, कानशीसारखे खरबरीत, त्यामुळे ओला हात करून खालचा ओठ धरता येतो. जिताड्यासारखाच उड्या मारतो, लाल डोळा, अंगावर तपकिरी उभे पट्टे. मला तो फार देखणा वाटतो. बारा इंची मासासुद्धा त्या प्रवाहात हलक्या रॉडला असा वाकवतो की हसू आवरत नाही. वीस इंची लागला तर त्या राज्यात मोठ्या माशाचं प्रशस्तिपत्र मिळतं.

मासा परत सोडा. त्या नदीवर मासे खाण्याबाबत पाऱ्यामुळे सरकारी इशारा आहे. वरच्या अंगाला वेन्सबरो गावातल्या एका कारखान्यातून १९२९ ते १९५० या काळात पारा पाण्यात गेला, तो अजून माशांच्या अंगात सापडतो. २००५ च्या वसंतात तिथे बास मोठ्या प्रमाणावर मेले होते. इतकी नितळ दिसणारी नदी, पण तिनंही सोसलंय.

जाता जाता एक. हा मासा मुळात त्या खोऱ्यातला नाही. १८५४ साली विल्यम श्रायव्हर नावाच्या गृहस्थांनी काही बास रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून मेरीलँडमधल्या कंबरलँडला आणून सोडले, तिथून ते पोटोमॅक नदीच्या सगळ्या खोऱ्यात पसरले. शेनँडोआ त्याच पोटोमॅकला मिळते. आपली बोरीबंदर–ठाणे गाडी १८५३ ची. म्हणजे ठाण्याला रेल्वे आली त्याच्या पुढच्याच वर्षी तिकडे मासे रेल्वेनं प्रवास करत होते! मला ही गोष्ट भारी आवडते.

वांगणीवाला

मावशी, सुंदर लिहिलंत. गळकरी दादा, सराव करायला अमेरिकेची वाट कशाला बघता? मे महिन्यात नेरळ-वांगणीकडे उल्हासवर या. भिवपुरीच्या वीजघरातून १९२२ पासून घाटावरचं पाणी उल्हासमध्ये उतरतं, म्हणून ही नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते. कातळ, खळाळ, मध्ये डोह, सगळं आहे. चिलापी असते, नशीब असेल तर मरळ. छोटा स्पिनर (फिरत्या पात्याचा लुअर) घेऊन मावशींनी सांगितलं तसं खालून वर चालत या. मासा तुम्ही जवळ पोचायच्या आधीच पळतो की नाही, ते पहिल्या तासात समजेल.

एक लक्षात ठेवा: वीजघर सुरू झालं की पाणी चढतं. मधल्या कातळावर सामान ठेवून पलीकडे जाऊ नका. आणि मरळीची लालसर पिल्लं घोळक्यानं वर येताना दिसली, तर तिथे लुअर टाकू नका. आई-बाप खालीच राखण करत असतात, ते काढले तर पिल्लं एका दिवसात संपतात.

ऐरोलीची_मावशी

वांगणीवाला भाऊ, पिल्लांचं बोललात ते फार बरं केलंत. बासमध्ये हे काम एकटा नर करतो. गोट्यांत शेपटीनं खळगा करतो, अंडी आणि नंतर काळी पिल्लं राखतो. जूनच्या मध्यापर्यंत बहुतेक उरकलेलं असतं, पण उशिराचा एखादा असतोच. तुम्ही जवळ गेलात तरी जागा न सोडणारा बास दिसला, तर त्याला तसंच राहू द्या.

कोलशेतचा_गळकरी

मावशी, खूप खूप आभार. वांगणीवाला, मेच्या पहिल्या रविवारी येतो, भेटू. दोन शंका. परवाना आधी काढावा लागतो का? आणि पाऊस पडला असेल तर नदीवर जावं की नाही, हे घरबसल्या कसं समजणार?

ऐरोलीची_मावशी

परवाना लागतो, सोळा वर्षांवरच्या सगळ्यांना. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या वेबसाइटवर काढता येतो, बाहेरच्यांसाठी एका दिवसाचाही असतो. माशाच्या आकाराचे नियमही तिथेच वाचा.

पाण्यासाठी यूएसजीएस या सरकारी संस्थेची मोजणी केंद्रं लुरेजवळ आणि फ्रंट रॉयलला आहेत, त्यांचे आकडे नेटवर दिसतात. आकडा किती आहे यापेक्षा आलेख वर चाललाय की खाली, ते बघा. वर चढत असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. उतरत असेल आणि पाणी किंचित चहाच्या रंगाचं झालं असेल, तर मेहुण्यांना लगेच उठवा, मोठे बास तेव्हाच काठाशी येतात. जूनमध्ये दुपारनंतर तिथे गडगडाटी वादळं येतात. पहिला गडगडाट ऐकला की रॉड खाली ठेवून काठावर या.

आणि रॉड इथून नेऊ नका. चार तुकड्यांचा प्रवासी रॉड असेल तर ठीक, नाहीतर तिकडे हलका रॉड सहज मिळतो, परत येताना वांगणीसाठी घेऊन या. गॉगल मात्र इथूनच न्या आणि उल्हासवर आधी डोळ्यांना सवय करा.