लातूरच्या उन्हात ॲक्सोलॉटल पाळणं बरोबर आहे का?

झूलॉजीवाला_लातूर: बीएस्सी सेकंड इयरला आहे, रूमवर राहतो. दिवाळीपासून एक ॲक्सोलॉटल ठेवलाय. मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोचा सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा, पण बेडकासारखा उभयचर), मोठा झाला तरी कल्ले तसेच ठेवून पाण्यातच राहणारा. माझं मत, ज्याला शिकायचंय त्यानं पाळावा. कॉलेजात सॅलमँडर म्हणजे बरणीत पांढरा पडलेला नमुना. माझ्या ॲक्सोलॉटलचं एक बोट माशानं तोडलं (मासा सोबत ठेवला ही माझीच चूक), मग रोज रात्री टॉर्च लावून बघायचो, आधी नुसता गोल कोंब आला आणि काही आठवड्यांत अख्खं बोट. असं बघायला कुठं मिळतंय?

गोदाकाठची: दिवाळीपासून म्हणजे भावा तू अजून उन्हाळा बघितलाच नाहीस. त्याला १६ ते १८ अंश पाणी लागतं, २४ च्या वर गेलं की त्याचे हाल सुरू. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२. मी परभणीला ठेवला होता, दुकानदार म्हणाला माशासारखाच ठेवा. मे मध्ये दुपारी लाईट गेली ती रात्रीच आली, त्याचे कल्ले पुढं वळले, शेपटीचं टोक गुंडाळलं, मी बर्फाच्या बाटल्या बदलत बसले आणि सकाळी तो उलटा तरंगत होता. आपल्या शिकण्यासाठी त्याचा जीव का घ्यायचा?

झूलॉजीवाला_लातूर: ताई वाचून वाईट वाटलं. पण मी टाकीवर दोन फॅन लावलेत, घरमालकीण काकूंच्या फ्रीजमधी सहा बाटल्या असतात. गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं तो तोंडात घेऊन थुंकतो म्हणून शेतातून साधी आणतो. काळजी घेणाऱ्यानंही पाळू नये का?

डोंगरवाट_बीड: फॅननं दोन-चार अंश उतरतील, त्यापुढं चिलरच (पाणी गार करायचं मशीन) लागतो आणि लाईट गेली की तोही बंद. दुसरं, हा साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, केलीस का? दार्जिलिंगकडचा न्यूट (सॅलमँडरचाच एक प्रकार) तर कायद्यानं संरक्षित आहे, तो कुणी विकत असला तर घेऊच नका. आणि टाकीचं पाणी नाल्यात ओतू नका. नेदरलँड्समधे २०१० पासून फायर सॅलमँडर जवळजवळ संपले ते एका बुरशीनं, ती आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून गेली असं मानतात. आपल्या बेडकांना असलं काही लागलं तर? मृगाचा पाऊस पडला की डबक्याकाठी जाऊन बस, मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या पिशव्या निळ्या. न पकडता नुसतं बघितलं तरी वही भरंल.

झूलॉजीवाला_लातूर: नोंद केली नव्हती, आज करतो. बेडूक बघायला येणारच, पण पूर्ण वाढलेल्या बेडकाचा तुटलेला पाय परत येत नाही ना, मला तेच शिकायचंय.

गोदाकाठची: मग मे मध्ये रोज दुपारी पाण्याचं तापमान इथं टाकत जा. २२ च्या वर गेलं तर थांबू नको, चिलर असलेल्या कुणाला तरी देऊन टाक.

झूलॉजीवाला_लातूर: आज ११ मार्च, दुपारी २ वाजता २०.५. उद्यापासूनच टाकतो.