औषध फुकट आहे, मग पेशंट अडकतो कुठे?

कोकणकडा: काल हेपॅटायटिस सी या रक्तातून पसरणाऱ्या लिव्हरच्या आजाराबद्दल एका डॉक्टरांची पोस्ट फिरत होती. 'हेपॅटायटिस सीचं औषध सरकार २०१८ पासून फुकट देतंय, तरी लोक येत नाहीत. आपल्या लोकांना तब्येतीची किंमतच नाही.' वाचून डोक्यात तिडीक गेली.

माझ्या बाबांचं १९९३ साली ऑपरेशन झालं, तीन बाटल्या रक्त चढवलं. तेव्हा रक्तपेढीत सीची तपासणी सक्तीची नव्हती, ती २००१ मध्ये झाली. मध्यंतरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर सी पॉझिटिव्ह. ऑपरेशन पुढे ढकललं, बस्स. आता कुठे जायचं, हे कुणी सांगितलं नाही. व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते बघायच्या टेस्टसाठी, जिल्ह्याला गेलो. पहिल्या खेपेला किट संपलेलं, दुसऱ्या खेपेला रक्त घेतलं, तिसऱ्या वेळी रिपोर्ट नाही, चौथ्या वेळी डॉक्टर रजेवर. दर वेळी पहाटे साडेपाचची एसटी. पाचव्या खेपेला गोळ्या हातात पडल्या. बाबांनी बारा आठवडे कालनिर्णयवर रोज फुली मारली, एक दिवस चुकवला नाही. आज रक्तात विषाणू नाही. किंमत कुणाला नाही म्हणता?

गोदाकाठ: बाबा बरे झाले, आनंद आहे. पण मी तालुक्याच्या लॅबमध्ये बसते, तिथली बाजूही ऐका. पॉझिटिव्ह आला की आम्ही फोन करतो. निम्मे नंबर चुकीचे. लागलाच तर उत्तर येतं, 'मला कुठे कावीळ आहे?' अहो, सीमध्ये बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही, आत लिव्हर खराब होत असतं. आणि डोळे पिवळे झालेच, तर आधी माळ घालायला जातात.

रानजाई: माळेला नावं ठेवू नका. माझी आजी कावीळ उतरवायची, एक पैसा न घेता. शेकडो लोक बरे झालेत.

गोदाकाठ: ए प्रकारची कावीळ बहुतेकांची आपली आपणच बरी होते, श्रेय मात्र माळेला. सूत सैल होत जातं म्हणून माळ लांबते, लोकांना वाटतं कावीळ उतरतेय. माझा मावसभाऊ सहा आठवडे माळ घालून बसला होता. दवाखान्यात नेला तेव्हा पोटात पाणी झालेलं. छत्तिसाव्या वर्षी गेला.

रानजाई: भावाचं वाईट वाटलं. पण त्याचं खापर माझ्या आजीवर फोडू नका! आमच्या पाड्यावर तेव्हा डॉक्टर होता का? आजी दारात आलेल्याला बसवून घ्यायची, पेज द्यायची. तुमच्या लॅबमध्ये कुणी 'बसा' तरी म्हणतं का?

गोदाकाठ: दिवसाला दीडशे नमुने असतात, ताई. एकटी आहे मी.

पाटकरी: माळेवरून मूळ मुद्दा राहिला. इजिप्तकडे बघा. तिथे हा आजार सरकारी मोहिमेतल्या इंजेक्शनांनीच पसरला, त्याच त्याच सुया वापरल्यामुळे. त्याच सरकारने २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत सुमारे ५ कोटी लोक तपासले, बोटातून थेंबभर रक्त घेऊन, आणि पॉझिटिव्ह आलेल्यांना उपचारही फुकट दिले. पंजाबने २०१६ मध्येच जिल्हा रुग्णालयांत मोफत गोळ्या सुरू केल्या. औषध माणसाच्या जवळ नेलं की माणूस घेतो.

गोदाकाठ: इजिप्तच्या गोष्टी इथे नकोत. तेवढा पैसा आणि माणसं आणायची कुठून?

कोकणकडा: पैशाचं सोडा. पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली की व्हायरल लोडसाठी त्याच वेळी नमुना काढून का पाठवत नाही? बाबांच्या दोन खेपा तिथेच वाचल्या असत्या.

डायलिसिस_घर: माझ्या बायकोचं डायलिसिस सेंटरमध्ये असंच केलं. दहा दिवसांत गोळ्या सुरू. आता वेगळाच ताप. बरी झाली तरी अँटिबॉडी टेस्ट, म्हणजे ती पहिली टेस्ट, पॉझिटिव्हच येते; ती विषाणू नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेले घटक बघते, म्हणून आयुष्यभर पॉझिटिव्ह येऊ शकते. दुसऱ्या सेंटरला जागा मागितली की पहिला कागद बघून नाही म्हणतात. व्हायरल लोडचा रिपोर्ट पिशवीत घेऊनच फिरतो.

गोदाकाठ: त्याच वेळी नमुना काढायचं मान्य. दुपारची गाडी जिल्ह्याला जाते, थंड डबाही आहे. सोमवारी साहेबांशी बोलते. पण चुकीचे नंबर देणाऱ्यांचं काय करू, ते सांगा.

कोकणकडा: बाबांनीही चुकीचाच दिला होता, मला नंतर कळलं. खिडकीतून सगळ्या रांगेसमोर विचारलं होतं, 'सी पॉझिटिव्ह कोण आहे?' रांगेत आमचे व्याही उभे होते.