मदत हवी आहे: मोहावी वाळवंटातला मोटारप्रवास आणि वाटेवरची आगळीवेगळी ठिकाणे

नमस्कार मंडळी,

येत्या फेब्रुवारीच्या अखेरीस लॉस एंजेलिसहून निघून दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून लास वेगासला मोटारीने जाण्याचा आमचा बेत आहे. मोठ्या महामार्गाने सरळ गेल्यास हा प्रवास अर्ध्या दिवसाचा आहे, पण आम्हाला मुद्दाम वाकडी वाट करून, जागोजागी मुक्काम करत जायचे आहे. बरोबर आई-वडील असतील. वडील निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत आणि एखादी जागा मनाला भिडली की वही उघडून तास-दीड तास रेखाटन करत बसतात. त्यामुळे वाळवंटाच्या देखाव्याइतकेच, किंबहुना त्याहून थोडे अधिक, आमचे लक्ष कोणी सांगितलेले नसताना वर्षानुवर्षे खपून एकेका माणसाने त्या रखरखाटात उभ्या केलेल्या कामांकडे आहे. प्रवासाच्या माहितीत अशा जागांची बोळवण ‘उतरा, फोटो काढा, निघा’ एवढ्यावर केलेली आढळते, आणि ते मला फार अन्यायाचे वाटते. आम्हाला कमी जागा पाहिल्या तरी चालतील, पण जिथे थांबू तिथे नीट थांबायचे आहे. नेमकी याच बाबतीत जाणकारांची मदत हवी आहे.

पहिला थांबा कबाझोनचा ठरला आहे. तिथे क्लॉड बेल या शिल्पकाराने 1964 मध्ये महामार्गाच्या कडेला काँक्रीटचा एक प्रचंड डायनोसॉर बांधायला घेतला आणि तो पुरा व्हायला 1975 उजाडले. त्यानंतर आमच्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे दक्षिणेला बोरेगो स्प्रिंग्जला जाऊन रिकार्डो ब्रेसेडा यांची लोखंडी पत्र्याची शिल्पे पाहणे. त्यांतला नाग साडेतीनशे फूट लांबीचा असून रस्त्याच्या एका बाजूला वाळूत शिरून दुसऱ्या बाजूला वर येतो. तिथून सॉल्टन सरोवराला वळसा घालून नायलँडजवळचा सॅल्व्हेशन माउंटन हा हाताने घडवलेला रंगीत डोंगर गाठायचा. दुसरा पर्याय म्हणजे बोरेगो सोडून देऊन सरोवराच्या पूर्व काठाने थेट सॅल्व्हेशन माउंटनला जाणे आणि वाचलेला वेळ तिथे देणे.

माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. लेनर्ड नाइट यांनी माती, गवताचा पेंढा आणि लोकांनी आणून दिलेले रंग एवढ्याच सामग्रीवर हा डोंगर घडवला. पहिली रचना 1989 मध्ये कोसळल्यावर त्यांनी पुन्हा पायापासून काम सुरू केले. 2014 मध्ये ते गेले आणि आता ऊन-पावसाशी झगडत ते रंग टिकवण्याचे काम स्वयंसेवक करतात. ज्यांनी अलीकडे हा डोंगर पाहिला असेल त्यांनी कृपया सांगावे की वर चढण्याची वाट खुली असते का, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला खाली बसून पाहण्याजोगी सावली आसपास मिळते का. सॉल्टन सरोवराबद्दलही एक शंका आहे. 1905 मध्ये कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याचा बांध फोडून या खोलगट भागात शिरले आणि जवळजवळ दोन वर्षे येत राहिले, त्यातून हे सरोवर झाले. आज ते आटत चालले असून उघड्या पडलेल्या तळाची धूळ वाऱ्याबरोबर उडते. आईला दम्याचा त्रास आहे. अशा स्थितीत बॉम्बे बीचला उतरून तिथली किनाऱ्यावरची शिल्पे पाहणे शहाणपणाचे ठरेल, की गाडीच्या काचा बंद ठेवून पुढे जावे? फेब्रुवारीत तिथल्या वासाचा आणि धुळीचा अनुभव कोणी घेतला असल्यास तो माझ्यासाठी फार मोलाचा ठरेल.

तिथून पुढे दक्षिणेकडच्या कॉटनवुड प्रवेशद्वारातून जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात शिरायचे आहे. सखल, अधिक उष्ण असे कोलोरॅडो वाळवंट आणि उंचावरचे मोहावी वाळवंट या उद्यानात एकमेकांना भेटतात. दक्षिणेकडून आत गेल्यास चोया निवडुंगांच्या पट्ट्यातून वर चढत जोशुआ वृक्षांच्या प्रदेशात पोहोचता येते, म्हणून ही दिशा मी हट्टाने धरून ठेवली आहे. उद्यानात इंधन मिळत नाही आणि मोबाइलला रेंज नसते, तेव्हा टाकी भरून, पाणी घेऊन आणि नकाशे आधी उतरवूनच आम्ही आत जाणार आहोत. उद्यानाबाहेर उत्तरेला नोआ प्युरिफॉय यांचे उघड्यावरचे संग्रहालय आहे. 1965 च्या वॉट्स दंगलीत जळून उरलेल्या सामानापासून कलाकृती घडवणारे हे कलावंत 1989 मध्ये वाळवंटात राहायला आले आणि 2004 मध्ये मृत्यू येईपर्यंत टाकाऊ वस्तूंतून शिल्पे उभारत राहिले. वडिलांना सर्वाधिक ओढ याच जागेची आहे. तिथे सकाळचे ऊन चांगले की दुपार उतरल्यानंतरचे? लांब सावल्यांमध्ये ती शिल्पे अधिक खुलत असतील असा माझा अंदाज आहे, परंतु प्रत्यक्ष पाहिलेल्यांचा शब्द मी प्रमाण मानेन.

खरी अडचण यापुढच्या टप्प्याची आहे. ट्वेंटीनाइन पाम्सहून अँबॉयपर्यंतच्या सुमारे ऐंशी किलोमीटरमध्ये जवळपास काहीच नाही. अँबॉय हे जुन्या रूट 66 वरचे गाव. 1973 च्या सुमारास नवा महामार्ग उत्तरेकडून गेला आणि वाहतुकीबरोबर गावही ओसरले. रॉइज मोटेलची 1959 सालची उंच पाटी तेवढी उभी आहे. अँबॉयहून जुन्या रस्त्यानेच थोडे पूर्वेला जाऊन केल्बेकर रस्त्याला लागायचे, केल्सोच्या वाळूच्या टेकड्या पाहायच्या आणि बेकरला निघायचे, असा माझा विचार आहे. मात्र रूट 66 वरचे जुने लाकडी पूल पुरात वारंवार खराब होतात आणि रस्त्याचे तुकडे बंद ठेवले जातात. तेव्हा अँबॉय ते केल्बेकर रस्ता हा तुकडा सध्या चालू आहे का? बंद असेल तर लडलोमार्गे महामार्ग 40 वर जाऊन केल्बेकर रस्त्याला लागणे हाच सोयीचा मार्ग आहे ना? केल्सोच्या टेकड्यांकडे जाणारा शेवटचा रस्ता कच्चा आहे, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यावर जाण्यास बहुधा मनाई असते. या टेकड्या सुमारे दोनशे मीटर उंच असून कोरडी वाळू उतारावरून घसरताना त्यांतून घुमणारा आवाज येतो. तो ऐकण्याची माझी मनापासून इच्छा आहे, पण विम्याचे संरक्षण गमावून नव्हे. अशा वेळी आपण काय केलेत?

बेकरचा 134 फुटी तापमापक आम्ही जाता जाता पाहू. 10 जुलै 1913 रोजी डेथ व्हॅलीत नोंदल्या गेलेल्या 134 अंश फॅरनहाइट तापमानाची आठवण म्हणून तो तेवढा उंच बांधला आहे, आणि त्यासाठी गाडीतून उतरण्याची गरज मला वाटत नाही.

त्यापुढच्या डेथ व्हॅली जंक्शनसाठी मात्र मी उरलेला सगळा प्रवास बदलायला तयार आहे. 1967 मध्ये गाडीचे चाक पंक्चर झाले म्हणून मार्टा बेकेट ही न्यूयॉर्कची नर्तिका तिथे थांबली, एक ओस पडलेले सभागृह तिच्या दृष्टीस पडले आणि तिने ते भाड्याने घेतले. प्रेक्षक येवोत न येवोत, आपण नाचायचेच असे ठरवून तिने सभागृहाच्या भिंतींवर राजा-राणीसह सारा प्रेक्षकवर्ग स्वतः रंगवला. ते अमारगोसा ऑपेरा हाउस आतून पाहण्यासाठी आधी वेळ ठरवावी लागते का? तिथल्या जुन्या हॉटेलात मुक्काम करणे ज्येष्ठांना सोसेल, की झोपायला डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकलाच जावे?

शेवटी डेथ व्हॅलीत बॅडवॉटर पाहून बिटीमार्गे लास वेगासला उतरायचे आहे. वाटेत ऱ्हायोलाइट या ओसाड खाणगावातले 1906 चे बाटल्यांचे घर आणि त्याशेजारी अल्बर्ट शुकाल्स्की यांनी 1984 मध्ये उभी केलेली पांढरी, आत माणूसच नसलेली वस्त्रांकित शिल्पे पाहायची आहेत. 2023 च्या ऑगस्टमधील हिलरी वादळाने डेथ व्हॅलीतले रस्ते उखडले होते आणि बॅडवॉटरला कित्येक महिने पाणी साचून राहिले होते. म्हणून एखादा रस्ता ऐनवेळी बंद आढळल्यास पाहरम्प गावाकडून वळसा घेता यावा इतका मोकळा वेळ शेवटच्या दिवशी ठेवणार आहे.

बोरेगो वगळण्याबद्दल आपली मते, आणि अँबॉय ते बेकर या टप्प्यातील रस्त्याची ताजी स्थिती, या दोन गोष्टी आधी कळल्या तर मुक्कामांचे आरक्षण या आठवड्यातच करता येईल.