स्ट्रॅटेजी गेम अंध खेळाडूंना खेळता यायलाच हवेत, आणि ते काम गेम बनवणाऱ्यांचं आहे. तुमचं मत?

भाट्याचा_वारा (रत्नागिरी)
मी जन्मापासून अंध आहे, कॉम्प्युटर एनव्हीडीएवर चालवतो, म्हणजे फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. माझं म्हणणं असं की गेमच्या सगळ्या प्रकारांत स्ट्रॅटेजी, त्यातही टर्न बेस्ड, आमच्यासाठी सगळ्यात सोपा असायला हवा होता. गोळी चुकवायची नाही, गाडी वळवायची नाही, आपली पाळी आली की बसून विचार करायचा, धान्य किती, सैन्य किती, शत्रू कुठे, आणि यातलं काहीही शब्दांत सांगता येत नाही असं नाही. तरी बहुतेक मोठे स्ट्रॅटेजी गेम आम्हाला बंद. कारण साध्या प्रोग्रॅममध्ये बटण असलं की ते बटण आहे आणि त्यावर काय लिहिलंय हे विंडोजला कळतं, स्क्रीन रीडर तिथून उचलतो. गेमचं इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो मूळ प्रोग्रॅम, सगळं स्वतःच चित्रासारखं रंगवतं, त्यामुळे स्क्रीन रीडरसाठी अख्खा गेम म्हणजे एक रिकामी खिडकी.

गणपतीत मुंबईचे चुलत भाऊ येतात, पडवीत एकच लॅपटॉप घेऊन आळीपाळीने खेळतात. माझी पाळी आली की एक जण नकाशा सांगतो, उत्तरेला डोंगर, दोन घरं पुढे त्यांचे तिरंदाज. मी जिंकलोही आहे. पण तो मला तेच सांगतो जे त्याला महत्त्वाचं वाटतं, म्हणजे अर्धा निर्णय त्यानेच घेतलेला असतो. मला पाहिजे ते मी विचारणार आणि गेम सांगणार, एवढंच हवंय. २०२० मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट टू ६० च्या वर अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंग्ज, म्हणजे अपंगांना खेळता यावं म्हणूनच्या सोयी, घेऊन आला आणि पूर्ण अंध लोकांनी तो शेवटपर्यंत खेळला, २०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्टमध्ये अंध माणूस रेसिंग करू शकतो. मग जिथे काही हलतही नाही तिथे का नाही?

कुडाळची_गजाल
तुमी म्हणतास ता बरोबर आसा, पण माका एक सांगा, प्रत्येक गेम प्रत्येकासाठी कित्याक व्हयो? अंध लोकांसाठी वेगळे ऑडिओ गेम असतात ना, साउंडआरटीएस तर पूर्ण आवाजावर चालणारा रिअल टाइम स्ट्रॅटेजी आहे, म्हणजे पाळी नाही, सगळे एकदमच खेळतात. तसलेच जास्त बनवा, चांगले बनवा. नकाशा बघून खेळायच्या गेमला बोलतं करण्यात शक्ती घालवण्यापेक्षा ते बरं नाही का? मी वाईट हेतूने विचारत नाहीये.

भाट्याचा_वारा
साउंडआरटीएस मी खेळतो, त्याबद्दल आदरच आहे. पण वेगळा गेम म्हणजे वेगळी पंगत. माझे भाऊ जो गेम खेळतात, ज्याबद्दल वर्षभर ग्रुपवर बोलतात, तोच मला खेळायचाय.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
मी छोट्या टीममध्ये गेम बनवतो, तीन माणसं, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ऐकायला सोपं वाटतं पण तयार झालेल्या गेमला बोलतं करणं म्हणजे जवळजवळ नव्याने लिहिणं, कारण अर्धी माहिती आम्ही मजकूर म्हणून ठेवलेलीच नसते, ती रंगात असते, आयकॉनमध्ये असते, सैनिकाच्या डोक्यावरच्या पट्टीत असते. प्रत्येक गोष्टीला नाव द्या, क्रम ठरवा, माउसचं सगळं कीबोर्डवर आणा, मग टेस्टिंग. मोठ्या कंपनीने जरूर करावं. आमच्यासारख्यांवर सक्ती आली तर गेम निघणारच नाही, आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय. शिवाय मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेमला बाहेरून जोडलेले प्रोग्रॅम, असतातच की, स्ले द स्पायरला से द स्पायर आहे, हार्थस्टोनला हार्थस्टोन अ‍ॅक्सेस झालं, लोक करतात.

भाट्याचा_वारा
मॉड करणाऱ्यांचे माझ्यावर खरंच उपकार आहेत. पण ते फुकट, स्वतःच्या वेळात, बाहेरून आत घुसून काम करतात. गेमचा अपडेट आला की मॉड मोडतो, मग तो दुरुस्त होईपर्यंत आम्ही बाहेर, आणि ज्याने बनवला त्याला नोकरी लागली, कंटाळा आला, की कायमचे बाहेर. पैसे तर आम्हीही तेवढेच भरतो. तयार गेमला नंतर जोडणं महाग पडतं हे तुमचं खरं आहे, आणि म्हणूनच सुरुवातीलाच करा म्हणतोय. किंग ऑफ ड्रॅगन पास मुळात १९९९ चा, २०११ मध्ये आयफोनवर आला तो व्हॉइसओव्हरला, म्हणजे आयफोनच्या स्क्रीन रीडरला धरून, अंध खेळाडू अजून त्याचं नाव घेतात, आणि तो काही महाकाय कंपनीचा गेम नाही. आता तर गोडो इंजिनमध्ये ४.५ पासून स्क्रीन रीडरचा सपोर्ट आतच यायला लागलाय. बटणांना नावं देणं तरी आता तुमच्या तीन माणसांना जड नाही जाणार.

दापोलीकरीण
मी या गेमांवर रात्री जागवणारी बाई आहे आणि मला पटत नाहीये. मेनू बोलतील, पत्त्यांचे गेम बोलतील, मान्य. पण मोठ्या नकाशाच्या गेममध्ये खरी बुद्धी एका नजरेत असते. शंभर घरं एकदम दिसतात, कुठे फट आहे ते जाणवतं. कान एकामागून एकच ऐकणार. मग तुम्हाला जमावं म्हणून गेम सोपा करणार, की 'इथे धोका आहे' असं सांगणारा मदतनीस देणार? तो दिला की ऑनलाइन सामन्यात डोळस माणूसही तोच लावणार.

भाट्याचा_वारा
सोपा अजिबात करू नका, हात जोडून सांगतो. धोका आहे की नाही ते माझं मी ठरवणार.

बुद्धिबळ बघा. आमच्या पटावर काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, सोंगटीला खुंटी, काळ्या सोंगट्यांना वेगळी खूण, आणि आम्ही बोटांनी पट वाचतो, तोही एकदम नाही, घराघराने. तरी डोळस खेळाडूसमोर बसतो, फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत त्यासाठी तरतूद आहे, दोन पट ठेवायचे आणि चाल मोठ्याने सांगायची. अंधांची आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटना १९५१ पासून आहे. नियम तेच, घड्याळ चालू, कोणी आम्हाला वजीर जास्तीचा देत नाही. नकाशा डोक्यात उभा करणं आम्हाला नवीन नाही हो. आणि बुद्धिबळ ६४ घरांचं म्हणाल तर फॅक्टोरिओ घ्या, त्यात अख्खा कारखाना, पट्टे, यंत्रं, सगळं जागेचंच गणित, फॅक्टोरिओ अ‍ॅक्सेस मॉड लावून अंध लोक ते उभं करतात.

ऑनलाइन रिअल टाइम सामने मी बाजूला ठेवतो, तिथे तुमचा मुद्दा दमदार आहे. एकट्याने खेळताना मात्र पॉज करून हुकूम देता आला की पुरे.

मालवणचो_दर्यो
मीही अंध, पण तिशीनंतर झालेला, डोळे असताना हेच गेम खेळायचो, आणि माझं मत वाऱ्यापेक्षा वेगळं आहे. कंपनीवर सोडू नका. मी एक गेम विकत घेतला, पानावर मोठ्या अक्षरात अ‍ॅक्सेसिबल लिहिलेलं म्हणे, मेनू छान बोलला, सेटिंग्ज बोलल्या, खेळ सुरू केला आणि गप्प. कोणीतरी यादीत टिक करायला केलेलं काम. मॉडवाले बरेचदा स्वतः अंध असतात, त्यांना कळतं काय वाचायचं. माझी मागणी वेगळी, कंपन्यांनी गेमची माहिती मॉडसाठी उघडी ठेवावी, बाकी आमचे लोक बघून घेतील.

भाट्याचा_वारा
दर्या, तुझ्यासारखं माझ्याबरोबरही झालंय, राग समजतो. पण मग त्या कंपनीने आपल्या माणसांना पैसे देऊन टेस्टिंगला बसवावं ना. फुकटात आपणच का राबायचं?

मालवणचो_दर्यो
पैसे देणार असतील तर माझा विरोध संपला. देत नाहीत म्हणून तर बोलतोय.

वाशिष्ठीकाठ
भांडण बाजूला, कामाचं विचारतो. आमचा पुढचा गेम चौकोनी घरांचा, टर्न बेस्ड, पावसाळ्यात लाइट आणि रेंज जाते म्हणून ऑफलाइनच. त्यात नेमकं काय ठेवू? सगळं बोलायला लावलं तर माणूस वेडा होईल.

भाट्याचा_वारा
सगळं बोलू देऊच नका. बाणाच्या बटणांनी घराघरावर फिरता यावं, घरावर आलो की आधी कोण उभा आहे, मग जमीन, मग बाकीचं, आणि मधेच पुढचं बटण दाबलं की आधीचं बोलणं तिथेच तुटायला हवं. आम्ही आवाज खूप वेगात ऐकतो, पण नको असलेलं ऐकायचा वैताग येतो. दुसरं, शोधायची सोय. एका बटणाने प्रकार निवडायचा, शत्रू, गावं, खाणी, दुसऱ्याने त्यातलं सगळ्यात जवळचं, मग त्याच्या पुढचं, प्रत्येकाचं 'पूर्वेला ३, उत्तरेला २' असं. डोळसाला जेवढं दिसतं तेवढंच त्यात यावं, धुक्यातलं, नकाशावर अजून झाकलेलं असतं ते, नाही, म्हणजे दापोलीकरणींची तक्रार राहणार नाही. तिसरं, शत्रूच्या पाळीत काय काय झालं ते मागे जाऊन पुन्हा ऐकता यावं. आणि मजकूर मराठीतही ठेवा, एनव्हीडीएबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज मराठी बोलतो.

दापोलीकरीण
धुक्याचं पटलं. मोठ्या नकाशाचं अजून नाही. चाळीस बाय चाळीसवर तुम्ही माझ्या आधी फट शोधलीत तर बोला.

वाशिष्ठीकाठ
पाळीचा इतिहास आमच्याकडे आत साठवलेला आहेच, फक्त दाखवत नव्हतो. तो आणि घराघरावर फिरणं पहिल्या डेमोत टाकतो. शोधायच्या सोयीचं वचन आत्ता देत नाही. डेमो झाला की इथेच टाकेन, दर्या तुम्हीही तपासा, आणि तपासायचे पैसे देणार.